विनरेटची शीट: १०० मॅच झाल्या, आता ४०० कडे

ऑनलाइन टीम-गेममधल्या मॅच नोंदवून विनरेट (जिंकलेल्या मॅचची टक्केवारी) काढायच्या या शीटचा पहिला टप्पा १०० रँक्ड सोलो (रेटिंगसाठी, मित्रांशिवाय खेळलेल्या) मॅचचा होता. तो भरल्यावर पहिलं काम म्हणजे विनरेटमध्ये निव्वळ योगायोगाचा वाटा किती असू शकतो ते काढणं. विनरेट पन्नाशीच्या आसपास असेल तर १०० ला मॅचसंख्येच्या वर्गमुळाने भागायचं. १०० मॅचला १० टक्के इकडे-तिकडे, ४०० ला ५, २५०० ला २. म्हणजे शंभरात ५७ जिंकणारा आणि ४६ जिंकणारा हे दोघेही अगदी सारखेच खेळत असू शकतात. सलग सहा पराभवांचंही तसंच. नाणं शंभरदा उडवलं तरी एकाच बाजूची तेवढी लांब माळ सहज लागते, त्यामुळे मॅचमेकिंग (टीम जुळवणारी गेमची यंत्रणा) मुद्दाम हरवतंय असं त्यावरून ठरवता येत नाही.

त्याहून मोठी अडचण टीमची. एलोच्या, म्हणजे रेटिंगच्या गुणांवरून जिंकण्याची शक्यता सांगणाऱ्या, सूत्रात १०० गुणांनी सरस खेळाडू एकास एक लढतीत साधारण ६४ टक्के जिंकतो. पाच-पाचच्या मॅचमध्ये बाकीचे नऊ जण सारखे धरले, तर त्याच्यामुळे टीमची सरासरी वाढते फक्त २० गुणांनी आणि अपेक्षित विनरेट उतरतो ५२.९ वर. २०० गुणांनी सरस असला तरी ५५.७. वर्ल्ड ऑफ टँक्ससारख्या पंधरा-पंधराच्या लढाईत १०० गुणांचं श्रेष्ठत्व जेमतेम ५१ टक्के दाखवतं, आणि तो एक टक्का योगायोगापासून वेगळा ओळखायला १०,००० लढाया लागतात. सरासरी धरणं हे ढोबळ आहेच. काही रोल (टीममधल्या भूमिका) मॅचवर जास्त पकड ठेवतात. पण दिशा बरोबर आहे. मायक्रोसॉफ्टने ट्रूस्किल या आपल्या रेटिंग पद्धतीसाठी दिलेले आकडेही तेच सांगतात: कौशल्य ओळखायला एकास एकमध्ये सुमारे १२ मॅच, चार-चारच्या टीममध्ये ४६, आठ-आठमध्ये ९१.

म्हणून कौशल्य विनरेटमध्ये उतरतच नाही असं नाही. उतरतं, पण पातळ होऊन. शिवाय मॅचमेकिंग चांगलं असेल तर ते प्रत्येकाला पन्नाशीकडेच ओढतं. वरच्या रँकचे ५० टक्के आणि तळाचे ५० टक्के यांची तुलनाच होत नाही. विनरेट दाखवतो तो खेळाडू आणि त्याचं सध्याचं रेटिंग यांतला फरक. खेळ रेटिंगच्या पुढे गेला की तो काही काळ वर राहतो, रेटिंगने गाठलं की परत पन्नाशीवर येतो. प्रोफाइलवरचा आयुष्यभराचा आकडा तर अजूनच फसवा: पहिल्या ५०० मॅच ४४ टक्क्यांनी आणि पुढच्या ५०० मॅच ५४ टक्क्यांनी गेल्या, तरी एकूण ४९ च दिसणार.

यामुळे शीटमध्ये मॅचआधीचं आणि मॅचनंतरचं रेटिंग असे दोन कॉलम वाढवले. सोबत पॅच (गेमची आवृत्ती), क्यू (सोलो, जोडीने म्हणजे डुओ, की मित्रांची पूर्ण पार्टी), रोल, मॅपची बाजू आणि एएफके (मॅच अर्ध्यावर सोडणारा खेळाडू) कोणत्या टीममध्ये होता तेही. क्यू वेगळी न ठेवल्यास सरस मित्राचं कौशल्य आपल्या खात्यात जमा होतं. एएफकेबाबत सगळ्यांत जास्त चुका होतात: आपल्या बाजूने कुणी सोडून गेलं की ती मॅच वगळायची आणि समोरचा गेला की विजय मोजायचा. दोन्ही वगळा, नाहीतर दोन्ही ठेवा, आणि हा नियम भरायला सुरुवात करण्याआधीच लिहून ठेवा. मॅचची संख्याही आधी ठरवा. जिंकल्यावर थांबून काढलेला आकडा नेहमी फुगलेला असतो.

केडीए (किल आणि असिस्ट यांचं मरणांशी प्रमाण) नोंदवा, पण त्याची तुलना त्याच रोलच्या मॅचशीच करा. सपोर्टच्या (साथ देणाऱ्या रोलच्या) केडीएशेजारी कॅरीचा (मुख्य मारा करणाऱ्या रोलचा) ठेवून काहीच कळत नाही.

पुढचा टप्पा ४०० मॅचचा, एकच रोल धरून. तेवढ्याच मॅच पाच रोलमध्ये वाटल्या तर प्रत्येकाला ८० येतात, आणि योगायोगाची मर्यादा परत ११ टक्क्यांवर जाते.