प्रोक्युलसची खतावणी: इ.स. 81 चा जमाखर्च जुळला

रोमन शिपायाच्या पगाराच्या एक्सेल शीटचं काम बरंच पुढे सरकलंय. आतापर्यंत त्यात फक्त ढोबळ पगार होता: सम्राट ऑगस्टसच्या काळात लीजनमधल्या (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकडीतल्या) साध्या शिपायाला वर्षाला 225 डिनेरियस (चांदीची रोमन नाणी), 75-75 चे तीन हप्ते, पुढे सम्राट डोमिशियनने केले 300. आता कपातीचे रकाने भरलेत आणि खरा माल तिथेच आहे.

आधार आहे जिनिव्हातल्या लॅटिन पपायरसचा, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या दस्तऐवजाचा. इजिप्तमध्ये नोकरीला असलेल्या क्विंटस ज्युलियस प्रोक्युलसचं इ.स. 81 चं खातं त्यावर उतरवलंय. रकमा द्राख्मांत आहेत; तिथल्या चार द्राख्मांचा एक डिनेरियस. पहिला हप्ता 248. त्यातून गवताचे 10, जेवणाचे 80, बूट आणि पायपट्ट्यांचे 12, छावणीतल्या सॅटर्नेलिया सणाची वर्गणी 20, कपड्यांचे 60. कपात 182, उरले 66. आधीचे 136 धरून खात्यावर 202. दुसऱ्या हप्त्यात सण नाही, कपडे नाहीत, फक्त ‘निशाणांसाठी’ 4 जास्तीचे. म्हणून 142 वाचले आणि शिल्लक 344 झाली. तिसऱ्यात नेहमीच्या कपाती होत्याच, वर कपड्यांनीच 146 खाल्ले, हप्ता पुरता संपला. शिल्लक 344 वरच राहिली.

त्या कारकुनाची बेरीज कुठेही चुकत नाही. वर्षाच्या 744 पैकी 536 कापले गेले, 208 मागे पडले, म्हणजे जेमतेम 28 टक्के. मला तर ही बचत चांगलीच वाटते, कारण इस्रायलमधल्या मसाडाच्या किल्ल्यात सापडलेल्या पगारपत्रकात बैरुतच्या गायस मेसियसचं चित्र फार वाईट आहे. हप्ता 50 डिनेरियसचा: जवाचे 16, जेवणाचे 20, बुटांचे 5, चामडी पट्ट्यांचे 2, तागाच्या अंगरख्याचे 7. हातात शून्य. जवाचा खर्च पाहता त्याच्याकडे घोडा असावा, म्हणून त्याला घोडदळाच्या रकान्यात टाकलंय.

आणखी एक पडताळा करून पाहा. इ.स. 14 मध्ये डॅन्यूब नदीकाठच्या पॅनोनिया प्रांतातल्या लीजननी बंड केलं, तेव्हा पर्सेनियस नावाच्या शिपायाने भाषण ठोकलं, ते रोमन इतिहासकार टॅसिटसने दिलंय: दिवसाला दहा आस (तांब्याची छोटी नाणी) एवढीच आमच्या जिवाची किंमत, आणि त्यातूनच कपडे, शस्त्रं, तंबू. 360 दिवसांचे 3600 आस होतात. 16 आसांचा एक डिनेरियस धरला की बरोब्बर 225! प्रोक्युलसच्या वर्षात शस्त्रांची कपात मात्र दिसत नाही, तो रकाना मोकळाच ठेवलाय.

आता निवृत्तीचा रकाना घेतोय. इ.स. 6 मध्ये ऑगस्टसने त्यासाठी सैनिकी खजिना उभारला. लीजनच्या शिपायाला वीस वर्षांच्या नोकरीनंतर 3000 डिनेरियस मिळायचे, तेव्हाच्या दराने तेरा वर्षांहून जास्त पगार, तोही एकरकमी.