रामेछाप ते लुक्ला: उड्डाण वीस मिनिटांचं, तयारी दोन दिवसांची

एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालेल्यांनी तिकिटावर सगळ्यात आधी विमान कुठून सुटतंय ते बघावं. वसंतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जिथून पायी वाट सुरू होते त्या लुक्लाची बरीचशी विमानं काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात, कारण त्या दिवसांत काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावर फार गर्दी असते. हा रामेछाप विमानतळ म्हणजे तामाकोशी नदीच्या काठी, मंथली गावातली छोटी धावपट्टी.

तिथून लुक्ला सरळ रेषेत ७५ किलोमीटरच्या आत आहे. उड्डाण पंधरा-वीस मिनिटांचं. खरा वेळ जातो तो त्याआधीच्या रस्त्यात. काठमांडू ते मंथली सुमारे १३० किलोमीटर, म्हणजे काठमांडूहून लुक्लाचं हवाई अंतर जेवढं, जवळपास तेवढंच, फक्त घाटवळणांनी. सकाळचं विमान गाठायचं तर काठमांडू रात्री एक-दोनलाच सोडावं लागतं. सप्टेंबर २०२४च्या पुरात याच वाटेवरचा, रोशी नदीकाठचा बी. पी. राजमार्ग जागोजागी वाहून गेला होता. त्यामुळे चार-पाच तासांच्या वर आणखी दोन तास हाताशी ठेवा आणि निघण्यापूर्वी रस्त्याची चौकशी करा. मी तर म्हणेन, आदल्या दिवशी उजेडातच मंथली गाठा. राहायची सोय साधीच आहे, पण झोप होते, आणि पुढे उंचीवर त्या झोपेचा फार उपयोग होतो.

सामानाची मर्यादा साधारण १५ किलो, हातातली पिशवी धरून. ती काटेकोर पाळतात. जाताना डावीकडची खिडकी मिळाली तर हिमशिखरं त्या बाजूला दिसतात.

लुक्लाची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांब आणि तिला जवळपास १२ टक्के चढ. एका टोकाला दरी, दुसऱ्या टोकाला डोंगर. विमान चढावर उतरतं आणि उतारावरून उडतं. शेवटच्या टप्प्यात वैमानिकाला पुन्हा वर उठायची सोय नाही, म्हणून धावपट्टी नजरेला स्वच्छ दिसल्याशिवाय कुणी येत नाही. खाली टेकल्यावर विमान वरच्या छोट्या चौकात वळतं, सामान उतरतं, परतीची माणसं चढतात आणि काही मिनिटांत ते पुन्हा दरीकडे झेपावतं. एवढ्या अवघड जागी इतक्या सफाईने काम करणाऱ्या त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

दुपारकडे वारा वाढतो, ढग चढतात. म्हणून पहिल्या फेऱ्यांचं तिकीट मागा. पहिली फेरी लांबली की मागच्या सगळ्या लांबतात, आणि रद्द झालेल्यांना दुसऱ्या दिवशी जागा मिळेलच असं नाही. वैमानिक नाही म्हणाला तर हुज्जत घालू नका.

रामेछाप ४७४ मीटरवर, लुक्ला २,८४५ मीटरवर. शरीराला हा फरक वीस मिनिटांत पचत नाही. उतरल्यावर चहा घ्या, पाणी प्या आणि त्याच दिवशी चालत पुढच्या फाकदिंग गावात मुक्काम करा. ते लुक्लापेक्षा खाली, सुमारे २,६१० मीटरवर आहे.

परतीचं तिकीट आदल्या दुपारीच लुक्लात पक्कं करून घ्या. काठमांडूहून घरी जायचं विमान मात्र त्याच्या दुसऱ्याच दिवशीचं ठेवू नका, मध्ये किमान दोन दिवस मोकळे हवेत. हवामान अडून बसलं तर हेलिकॉप्टर महाग पडतं, आणि तेही ढगांत उडत नाही. मग पायी खालच्या सल्लेरी गावाकडे उतरायचं, दोन-तीन दिवस लागतात, आणि तिथून काठमांडूची जीप मिळते.