गोठ्याचा कोबा आणि अथणीकडचा कोरडा वारा

बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेला खानापुरात पावसाळाभर भिंतींची ओल जात नाही, तर पूर्वेला आमच्या अथणी तालुक्यात फाल्गुनापासून असा कोरडा वारा सुटतो की, ओतलेला कोबा आतून घट्ट होण्याआधीच वरून सुकतो आणि त्यावर बारीक भेगा पडतात. दोष मात्र सिमेंटला दिला जातो. माझ्या मते तो बहुधा पाण्याचा असतो: मालात जास्त घातलेल्या आणि नंतर न मारलेल्या.

आमच्या गोठ्याची जागा काळ्या रानातली. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून ती काढून मुरूम भरला, पाणी मारून धुमसाने ठोकला आणि ओतण्याआधी पुन्हा भिजवला, नाहीतर कोरडा मुरूमच मालातले पाणी पिऊन टाकतो. माल एकास दीड, तीन (सिमेंट, वाळू, खडी) या प्रमाणाचा, जाडी ४ इंच. भारतीय मानक ४५६ नुसार अशा एम-२० (काँक्रीटची ताकदीनुसार ठरलेली प्रत) मालाला ५० किलोच्या पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी चालते. पट्टी ओढायला सोपे जाते म्हणून गवंड्याला सैल माल आवडतो. तिथे मालकाने उभे राहावे. ऊसपट्ट्यात आणखी एक सांभाळावे लागते. मळीचे रिकामे पिंप पाण्याला वापरू नये, कारण थोड्याशा साखरेनेही सिमेंट घट्ट होणे लांबते.

आधी पत्रे, मग कोबा, हा क्रम मी मुद्दाम धरला. सावली मिळते, आणि वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांधता येते. ओतायला पहाटेपेक्षा दुपार टळल्यानंतरची वेळ बरी, कारण कोब्याचे पहिले तास थंडाव्यात जातात. नालीकडे दर १० फुटांना २ इंच ढाळ दिला, आणि गुरांचे खूर घसरू नयेत म्हणून पृष्ठभागावर खराट्याने रेघा ओढल्या. ८ ते १० फुटांवर इंचभर खोल काप घेतले, म्हणजे आकसताना तडा जायचाच असेल तर तो कापातच जातो.

कोबा घट्ट होताच ओले गोणपाट अंथरले आणि दुसऱ्या दिवशी आळी करून पाणी साठवले. आळ्यांना तीच काढलेली काळी माती उत्तम. पाणी झिरपू देत नाही. उष्ण, कोरड्या हवेत किमान १० दिवस, आणि फ्लाय अ‍ॅश (दगडी कोळशाची बारीक राख) मिसळलेल्या सिमेंटला शक्यतो १४ दिवस कोबा ओला राहिला पाहिजे. सकाळ-संध्याकाळ नळीने शिंपडणे आमच्याकडे पुरत नाही, दुपारपर्यंत सगळे उडून जाते.