बेचाळिसाव्या वर्षी आइस हॉकी

हॉकीचे मोजे आधी घालायचे, स्केट नंतर. सप्टेंबर २०२४ मधल्या पहिल्या क्लासला मी ड्रेसिंग रूममध्ये स्केटच्या नाड्या आवळून, वर दुहेरी गाठ मारून बसले आणि मग बॅगेत पाहिलं, तर शिनगार्ड, मोजे आणि पँट सगळं तिथेच पडलेलं. हे मोजे म्हणजे तळवा नसलेली लांब नळी असते. धार लावलेल्या पात्यावरून ती ओढायला गेलं तर फाटणारच. शेजारी एक निवृत्त नर्सबाई बसल्या होत्या, साठीच्या आसपासच्या, मूळच्या कॅनडातल्याच न्यूफाउंडलंड बेटाच्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता नाड्या सैल करायचा हूक पुढे केला.

तर क्रम असा: पेल्व्हिक गार्ड, शिनगार्ड, मोजे, पँट, स्केट. मग वरचं सामान: शोल्डर पॅड, एल्बो पॅड, नेक गार्ड, जर्सी, हेल्मेट. ग्लव्हज सगळ्यात शेवटी, कारण ते एकदा चढले की हेल्मेटचा पट्टासुद्धा लावता येत नाही. नऊवारी नेसायला मला वीस मिनिटं लागतात. त्या दिवशी या अवताराला पस्तीस लागली आणि बर्फावर जाईपर्यंत क्लासची दहा मिनिटं संपली होती.

आता हे या वयात कुठून सुचलं, ते सांगते. मी खडकीची. बाबा ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. आमच्या लहानपणी त्या भागात हॉकी म्हणजे मुरमाचं मैदान आणि सोललेले गुडघे. धनराज पिल्ले तिथलाच. १९९८ मध्ये त्याच्या कप्तानीखाली भारतानं बँकॉकला एशियाडचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि आमच्या गल्लीत दिवाळीसारखे फटाके वाजले होते. शाळेच्या संघात मी राइट इन, म्हणजे आघाडीत उजवीकडे, खेळायचे. दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. कॅनडात, टोरांटोशेजारच्या मिसिसॉगाला येऊन बारा वर्षं झाली, तरी इथे 'मी हॉकी खेळायचे' म्हटलं की समोरचा भुवया उंचावायचा आणि मला पुढे 'गवतावरची' असं जोडावं लागायचं. गवत तरी कुठलं, मुरूम! पण मुरमाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला अजून ठाऊक नाही.

जानेवारी २०२४ मध्ये ऑफिसातल्या एकीनं दोन तिकिटं दिली. बायकांची आइस हॉकीची नवी व्यावसायिक लीग, पीडब्ल्यूएचएल, तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. तिचा पहिलावहिला सामना १ जानेवारीला टोरांटोतच झाला होता आणि आम्हीही त्याच इमारतीत गेलो. ही इमारत म्हणजे जुनं मेपल लीफ गार्डन्स, १९३१ चं. टोरांटोच्या पुरुषांच्या संघानं, मेपल लीफ्सनी, आइस हॉकीतला सगळ्यात मानाचा स्टॅनली कप शेवटचा १९६७ मध्ये जिंकला तो इथेच, आणि टोरांटोची माणसं तो विषय काढला की आजही उसासा टाकतात. आता तिथे तळमजल्यावर किराणा दुकान आहे आणि रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, वरच्या मजल्यावर. जुन्या रिंकचा मध्यबिंदू जिथे होता तिथे दुकानाच्या फरशीवर लाल ठिपका आहे. लेकीला तो ठिपका दाखवला, कोथिंबिरीच्या दोन जुड्या घेतल्या आणि वर गेलो.

सामना मला नीट कळला नाही, पक, म्हणजे चेंडूऐवजी असते ती रबरी चकती, डोळ्यांना सापडतच नव्हता. पण खेळाडूंचे हात कळत होते. दोन बचावपटूंच्या मधून एकीनं पक असा काढला की माझी मनगटं मांडीवर आपोआप हलली. घरी येऊन वाचलं, तर हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि पक १५६ ते १७० ग्रॅमचा. म्हणजे हाताला वजन ओळखीचंच! या एका आकड्यानं माझा घात केला. मला वाटलं, अर्धा खेळ तर आपल्याला येतोच.

फेब्रुवारीत वापरलेले स्केट घेतले, ऐंशी डॉलरला, माझ्या बुटांच्या मापाचे. पायात घालून छान मोकळं वाटलं. तीच चूक. हॉकीचे स्केट बुटांच्या मापापेक्षा एक-दीड नंबरनं लहान घ्यायचे असतात. बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि टाच तसूभरही उचलली जाता कामा नये. मी महिनाभर आमच्या गावातल्या सेलिब्रेशन स्क्वेअर या चौकातल्या रिंकवर कठडा धरून फिरले आणि घोटे आत वळतात म्हणून स्वतःच्या घोट्यांना दोष देत राहिले. तिथे तीन-चार वर्षांची मुलं आधाराला सील प्राण्याच्या आकाराचं प्लास्टिकचं खेळणं ढकलत माझ्या बाजूनं पुढे निघून जात. माझी तेरा वर्षांची लेक, जी शाळेत आपोआप स्केटिंग शिकलेली, उलटी स्केटिंग करत माझ्यासमोर राहायची आणि म्हणायची, "आई, खाली नको बघू." शेवटी तिनंच माझी टाच धरून हलवून पाहिली आणि म्हणाली, "हा बूट आहे की होडी?" स्केट बदलले, आणि माझे घोटे एका दिवसात सुधारले.

बाकी सामान जुन्या खेळसामानाच्या दुकानातून गोळा केलं. हेल्मेट मात्र नवं. त्यात काटकसर केली नाही. स्टिक घेताना दुकानदारानं विचारलं, लेफ्ट की राइट? मी उजव्या हातानं लिहिते, पण ते विचारत नव्हता तो. खालचा हात कुठला, हा प्रश्न असतो. इथे उजव्या हाताची माणसंही पुष्कळदा डावीकडून मारतात, कारण बळकट हात वर धरायची सवय लागलेली असते. आमच्या हॉकीत डावा हात वर आणि उजवा खाली, त्याला पर्यायच नाही. म्हणून मी राइट. जुन्या मालात राइटच्या स्टिका दोनच होत्या. त्यातली एक घरी आणून हनुवटीच्या उंचीची कापली, पात्यावर काळी टेप गुंडाळली, आणि दिवाणखान्यात उगाच दोनदा फिरवली. नवरा साताऱ्याचा, क्रिकेटवाला. तो म्हणाला, "अगं, गुडघा गेला तर जिना कोण चढणार?" आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती म्हणाली, "आणि पडलीस म्हणजे?"

"पडायलाच शिकवतात, आई."

"त्याची फी भरलीस?"

भरली होती, आणि पहिला पूर्ण क्लास खरोखर पडण्यातच गेला. शिकवणारी मुलगी पंचविशीची असेल. पुढे पडा, बाजूला पडा, एक गुडघा वर घ्या, दोन्ही हात त्यावर, उठा, पुन्हा पडा. मागे मात्र पडू नका. मग उभं राहायची पद्धत. गुडघे वाका, अजून वाका, अजून. बाकीच्या बायकांना इतकं खाली जाणं जमेना. मी मनात म्हटलं, उकिडवं बसण्यात तर आपला जन्म गेला. झटकन खाली गेले आणि तितक्याच झटकन मागे आपटले, माकडहाडावर. उकिडवं बसताना आपलं वजन टाचांवर असतं, आणि स्केटवर टाचांवर गेलात की संपलं. वजन पात्याच्या मधोमध हवं, गुडघे बोटांच्या पुढे, छाती वर. पुढचे दहा दिवस ऑफिसात उशीवर बसले.

पण पडणं हा खरा प्रश्न नव्हताच. प्रश्न होता थांबण्याचा. पुढे जायला मी दोन महिन्यांत शिकले, बऱ्यापैकी वेगानंसुद्धा. थांबण्यासाठी माझ्याकडे एकच उपाय होता: रिंकची भिंत. बोर्डावर आदळले की थांबायचे. भिंत दूर असेल तर गोल गोल फिरत वेग संपायची वाट बघायची, आणि तोवर पक, खेळ, सगळे दुसऱ्या टोकाला गेलेले.

स्केटचं पातं खालून सपाट नसतं. मधे उभी खाच असते, म्हणून त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा असतात. हॉकी स्टॉपमध्ये दोन्ही पाय वेगाच्या आडवे वळवून त्या धारांनी बर्फ खरवडायचा. मी पाय आडवा केला की धार बर्फात रुतायची आणि मी पात्यावरून पुढे फेकली जायची. धार लावून देणाऱ्या काकांना हे सांगितलं, तर त्यांनी खाच थोडी उथळ करून दिली, १/२ इंचाऐवजी ५/८. इथे आकडा मोठा म्हणजे खाच उथळ. पकड थोडी कमी, घसरणं थोडं सोपं. त्यानं फरक पडला, पण जमलं नाही.

जमलं ते जानेवारीतल्या एका शनिवारी. कठडा धरून उभी होते आणि एकच पाय बाजूला ढकलून बर्फ खरवडत होते, तसा सराव दिला होता. आधी दाबून ढकलला, अडकला. हलका ढकलला, नुसता घसरला. मग एकदम तो आवाज आला: खर्रर्र. आणि पात्यापुढे पांढरा कीस साठला. मी त्याकडे बघतच राहिले. विळीच्या खवणीवर नारळ खवताना हेच तर करतो आपण! वाटी जोरात दाबली की खवणी रुतते आणि करवंटीचा काळा तुकडा निघतो, हलकी धरली तर काहीच पडत नाही. मधला एक दाब असतो, तो कोणी शब्दांत सांगत नाही. आजीनंही सांगितला नव्हता, माझ्या हातावर हात ठेवून फिरवून दाखवला होता. त्या शनिवारी मी कठड्याशी अर्धा तास नुसतं खोबरं खवलं. नर्सबाई जवळून गेल्या, म्हणाल्या काय चाललंय? मी म्हटलं, स्वयंपाक.

महिनाभरात डाव्या बाजूचा स्टॉप पक्का झाला. उजव्या बाजूचा अजून चालूच आहे.

आणि हात? ज्या हातांच्या भरवशावर मी आले होते, त्यांनी वेगळाच गोंधळ घातला. आमच्या हॉकीत स्टिकच्या एकाच, सपाट बाजूनं खेळता येतं, त्यामुळे चेंडू डावीकडे गेला की मनगट फिरवून स्टिक उलटी करायची. इथे पात्याच्या दोन्ही बाजू चालतात. उलटं करायची गरजच नाही, पण माझं मनगट ऐकेना. दर वेळी पातं गर्रकन फिरायचं, टोक बर्फाला टेकायचं आणि पक निघून जायचा. शिकवणारी म्हणायची, हे तू काय करतेस ते सुंदर दिसतं, पण करू नकोस.

त्याहून वाईट सवय पायांची. चेंडू पायाला लागला की फाउल, हे अंगात इतकं भिनलेलं की पक स्केटजवळ आला की मी उडी मारून बाजूला व्हायची. आइस हॉकीत पक पायानं अडवता येतो, पायानं ढकलून स्वतःच्या स्टिकवर घेता येतो. फक्त लाथ मारून गोल करता येत नाही. मी मात्र नेमक्या हव्या त्या क्षणी पकला वाट करून द्यायची, पाहुण्यांना देतात तशी. त्यासाठी मुद्दाम सराव केला: स्टिक खाली ठेवून फक्त पायांनी पक खेळवायचा, आठवड्यातून एकदा, तीन महिने.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आम्ही क्लासमधल्या बायकांनी मिळून नवशिक्यांच्या लीगमध्ये संघ घातला. अंगावर धडकायला मनाई, स्लॅप शॉटला, म्हणजे स्टिक मागे उचलून हाणलेल्या फटक्याला, मनाई. सामने रविवारी रात्री, पहिला १० वाजून ४० मिनिटांचा. चांगल्या वेळा मुलांना मिळतात, मोठ्यांना उरलेला बर्फ. पहिल्या सामन्यात मी सलग तीन मिनिटं मैदानात राहिले. शाळेत आम्ही पूर्ण सामना खेळायचो, बाहेर बसायचं म्हणजे अपमान. इथे पाऊण मिनिट, फार तर एक मिनिट जीव तोडून खेळायचं आणि बेंचवर परत यायचं, खेळ चालू असतानाच. बेंचवरून सगळ्या माझ्या नावानं ओरडत होत्या आणि मला वाटत होतं प्रोत्साहन देताहेत.

ऑफसाइडही चार वेळा झाले. पकच्या आधी समोरच्यांच्या गोलकडची निळी रेघ ओलांडायची नाही, एवढाच नियम. पण त्यासाठी रेघेपाशी थांबता यायला हवं, आणि मी उजवीकडून येत होते. आम्ही ७–१ हरलो. तो एक गोल नर्सबाईंचा.

घरी पोचायला साडेबारा. सामान बाल्कनीत वाळत घालायचं, कारण त्याचा वास घरात चालत नाही. आंबलेल्या ताकात भिजवलेलं चामडं, एवढंच सांगते. नवरा टेबलावर दहीभात झाकून ठेवतो आणि सकाळी फक्त एवढंच विचारतो, "किती?" मी आकडा सांगते. तो म्हणतो, "म्हणजे मागच्यापेक्षा बरं."

डिसेंबरात पुण्याला गेलो होतो. एका संध्याकाळी लेकीला खडकीतलं जुनं मैदान दाखवायला नेलं. शाळेच्या मुली खेळत होत्या. त्यांच्या सरांना म्हटलं, मी इथेच खेळायचे, तर त्यांनी लगेच एक स्टिक हातात दिली, "या ना ताई, पाच मिनिटं." चप्पल काढून लेकीचे बूट घातले आणि उजव्या बाजूला उभी राहिले. मनगटं जागेवर होती. पहिलाच पास आला, जरा मागे, डाव्या पायाकडे. मी अगदी शांतपणे पाय आडवा केला, चेंडू अडवला, पायानंच पुढे ढकलून स्टिकवर घेतला आणि निघाले.

"फूट!" दहा-बारा मुली एकदम ओरडल्या.

सरांनी शिट्टी वाजवली आणि फ्री हिट समोरच्यांना दिली.