पिस्टिलची लव्हाळी

होलीवेलहून निघून नववा दिवस होता की दहावा, आता सांगता येत नाही. उत्तर वेल्समधली ही जुनी यात्रेची वाट साधारण 210 किलोमीटरची, पार संतांच्या एन्ल्ही बेटापर्यंत. क्लिनोग व्हाउरला संत बाइनोचं भव्य चर्च पाहिलं, एकाच खोडातून कोरलेली त्याची पेटी पाहिली आणि पुढे निघालो.

ट्रेफोर गाव सोडलं की आयफल डोंगराची खिंड. चढ निभावला, उताराने घात केला. डाव्या टाचेवरचा फोड फुटून मोजा चिकटला. सोबतचा गडी दर फाटकापाशी उरलेले मैल मोजून सांगायचा. तासभर मी त्याच्याशी बोललेच नाही. इथे टाळ नाही, पुढून कुणी अभंग उचलत नाही, पायांना ठेका मिळत नाही. एकटीने किती वेळ रामकृष्णहरी म्हणायचं? देवावरही रागावले.

पिस्टिलचं चर्च समुद्राकडच्या उतारावर, इतकं लहान की गोठा वाटावा. आत जमिनीवर लव्हाळी अंथरलेली. नाताळ, ईस्टर आणि ऑगस्टची सुगी, अशी वर्षातून तीनदा अंथरतात. ओलसर, हिरवा वास येत होता. बाकावरच्या आजींनी माझं लंगडणं पाहिलं आणि बूट काढायची खूण केली. मोजा ओढला नाही त्यांनी. बाहेरच्या ओढ्यातून रुमाल भिजवून आणला, टाचेवर धरून बसल्या, मोजा आपोआप सुटेपर्यंत. मग पुन्हा भिजवून आणला. तोंडाने वेल्शमध्ये काहीतरी चाललेलं, मला अक्षर कळलं नाही. पट्टी बांधून झाल्यावर मी वाकले, तर त्यांनी हात वरच्या वर धरले. मी आधी 'दिओल्ख', म्हणजे वेल्शमधलं धन्यवाद, म्हणाले, मग न राहवून 'माउली'. अनवाणी पाय लव्हाळ्यांवर टेकवून किती वेळ रडले कोण जाणे.

अबेरडारोन हे बेटासमोरचं किनाऱ्यावरचं गाव, तिथलं चर्च अगदी लाटांच्या तोंडाशी. आत दीड हजार वर्षांपूर्वीचा दगड आहे, त्यावर लॅटिनमध्ये कोरलंय: धर्मगुरू सेनाकस इथे विसावला आहे, बंधूंच्या मोठ्या समुदायासह. म्हणजे अख्ख्या दिंडीसकट. त्या अक्षरांपुढून हलवेना.

वाऱ्यामुळे एन्ल्हीची बोट सुटली नाही. वीस हजार संत त्या बेटाच्या मातीत आहेत म्हणतात. एन्ल्हीच्या तीन वाऱ्या म्हणजे रोमची एक, असंही म्हणतात. भूशिरावरच्या टेकडीवर चढले. मध्ये तीनेक किलोमीटर खवळलेलं पाणी, पलीकडे बेटाची पाठ. गर्दीत गाभारा गाठता आला नाही की कळसाला हात जोडतो, तसे जोडले. टाचेवरची पट्टी अजून घट्ट होती.