शिवी आणि सचोटी

आज संध्याकाळी मालवणच्या दांडी किनाऱ्यावर एका वयस्क मासेविक्रेत्या बाईंनी ओळखीच्या गिऱ्हाइकाला अस्सल मालवणी शिवी हासडून "ह्यो बांगडो कालचो आसा, व्हरू नको" असे बजावले, तेव्हा तो गिऱ्हाईकच सर्वांत मोठ्याने हसला.

शिवराळ माणूस मनाचा स्वच्छ असतो, ही आपल्याकडची लाडकी समजूत मला मात्र अर्धीच पटते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासात, ज्यात फेसबुकवरील ७३,००० हून अधिक लोकांचे लेखन तपासले होते, शिव्या आणि प्रामाणिकपणा यांचा संबंध आढळला. परंतु तिथे प्रामाणिकपणा जोखला गेला तो शब्दांच्या वापरावरून आणि प्रश्नावलीतील उत्तरांवरून, आणि इतर संशोधकांनी पुढे नेमका याच मोजमापावर आक्षेप घेतला. शिमग्यात तर लबाड आणि सज्जन एकाच सुरात शिव्या घालतात.

त्या बाईंची सचोटी हातची विक्री सोडण्यात होती. शिवीने एवढेच केले की, खरे बोलणे उपकारासारखे वाटले नाही. गिऱ्हाइकाला तितकीच सणसणीत शिवी परत देता येत होती, म्हणूनच तिथे विनोद झाला. तीच शिवी मालकाने खलाशाला दिली, तर त्याला मान खाली घालून ऐकावी लागते, आणि त्या बोलण्याला मोकळेपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.