गुरुवारचा फोन

गुरुवार, १७ जुलै २०२५. मोशी. रात्रीचे साडेदहा.

आज दुपारी फोन आला. मी केलेला नव्हे, मला आलेला. "पाचशे नग टाका. पण पॅलेटवर नीट बसले पाहिजेत, नाहीतर सगळे परत पाठवीन." एवढं बोलून भोसरी एमआयडीसीच्या जे ब्लॉकमधल्या काकांनी फोन ठेवलासुद्धा. पॅलेट म्हणजे बॉक्स रचायची लाकडी चौकट. पाचशे फाइव्ह-प्लाय, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याचे बॉक्स म्हणजे आमच्या कारखान्याची काही दिवाळी नाही. तरी मी गच्चीवर जाऊन उगाच दोन फेऱ्या मारून आलो.

मी मूळचा डिस्पॅचचा माणूस. सहा वर्षं बॉक्सचे गठ्ठे मोजले, टेंपो भरले, चलनं फाडली. जानेवारीत आमचा सेल्सवाला सोडून गेला आणि शेठ म्हणाले, "तुला माल कळतो ना? मग आता तो वीक." हातात तीनशे नंबरांची यादी दिली. कुठून आणली कोण जाणे.

पहिला दिवस अजून आठवतो. फोन लावायच्या आधी पाणी, लावून झाल्यावर पाणी. त्या दिवसांत रिंग वाजण्याआधी सायबर फसवणुकीची सूचना लागायची, अनोळखी फोनपासून सावध राहा म्हणून. मी मनात म्हणायचो, बरोबर आहे, तो अनोळखी मीच. समोरच्याने उचलू नये म्हणून देवाचा धावा करत फोन लावणारा सेल्समन याआधी कुणी झाला असेल, तर त्याला माझा नमस्कार. पहिल्याने विचारलं, "नंबर कुठून मिळाला?" माझं तत-पप. दुसरा म्हणाला, "मीटिंगमध्ये आहे," आणि मागे लेथचा आवाज. तिसऱ्याने फोन नुसताच कापला. चौथा मात्र नीट बोलला: "असले फोन बंद करा, नाहीतर १९०९वर तक्रार टाकीन."

चार फोन झाले. संध्याकाळी रजिस्टरमध्ये मी अकरा लिहिले.

आई म्हणायची, भीड भिकेची बहीण. आमच्या घरात भीड वडिलोपार्जित. उसनी वाटीभर साखर आणायलाही कुणी उठायचं नाही, चहा बिनसाखरेचा प्यायचे. पण रात्री पडल्या पडल्या विचार केला तेव्हा लक्षात आलं की मला 'नको' या शब्दाची भीती नव्हतीच. डिस्पॅचला असताना ड्रायव्हरांच्या शिव्या खाऊन कातडी चांगली जाड झालेली. भीती होती ती 'नंबर कुठून मिळाला' या प्रश्नाची. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि चौथ्या गृहस्थाचं काही चुकलं नव्हतं. जाहिरातीच्या फोनसाठी १४०ने सुरू होणारे नंबर वेगळे ठेवलेत, आणि मी साध्या मोबाइलवरून, कुठून आली तेही ठाऊक नसलेल्या यादीवर सुटलो होतो. ती यादी ड्रॉवरमध्ये टाकली, ती अजून तिथेच आहे. शेठना सांगितलेलं नाही.

मग वेगळंच सुरू केलं. संध्याकाळी सुटल्यावर बाइक सरळ घरी न्यायची नाही. एक दिवस एस ब्लॉक, एक दिवस टी, एक दिवस जे. गेटवरच्या पाटीवरून कंपनीचा नंबर टिपायचा आणि आत नजर टाकायची: माल कशात जातो, भंगारात कसले बॉक्स पडलेत, पॅलेट कशी रचलीय. हे बघायला मला कुणी शिकवावं लागत नव्हतं. दिवसाला दोन-तीन नंबर जमायचे, पण प्रत्येकाला फोन करायला काहीतरी कारण असायचं.

फोन मात्र ऑफिसमधून होईना. शेजारी अकाउंटच्या मॅडम, त्यांच्या कानावर माझं अडखळणं जायचं. म्हणून सुट्टीच्या दिवशी, गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींच्या आड. इकडे एमआयडीसीला सुट्टी गुरुवारी. मला वाटलं होतं, सगळं बंद असणार, कुणी उचलणार नाही, तेवढाच सराव. झालं उलटं. गुरुवारी कामगार नसतात, रिसेप्शन नसतं, पण मालक असतो. एकटाच बिलं बघत नाहीतर मेंटेनन्सवाल्याच्या उरावर बसलेला. रिंग वाजली की तोच उचलतो आणि त्याला घाईही नसते. सेल्समधली माझी एकुलती एक युक्ती ही अशी लाजेपोटी सापडली.

३ जुलैचा गुरुवार. बारीक पाऊस, मी जिन्याच्या छपराखाली.

"कोण?"

"साहेब, मी बॉक्सवाला. तुमच्या गेटच्या पाटीवरून नंबर घेतला. एकच विचारायचंय. तुमच्या पॅलेटचा खालचा थर पावसाळ्यात बसतो का?"

थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज.

"तुला कुणी सांगितलं?"

"परवा गेटजवळ लावलेली पॅलेट बघितली. बॉक्स दोन्ही बाजूंनी बाहेर येतायत."

"कागद हलका लावतो तो आमचा सप्लायर. १८चा बीएफ आहे, मी २२ मागतोय."

बीएफ म्हणजे कागदाच्या मजबुतीचा आकडा, जितका जास्त तितका कागद दणकट. इथे खरं तर गप्प बसायला हवं होतं. भारी कागद म्हणजे जास्त दर, आमचाही फायदा. पण तोंडातून निघून गेलं, "काका, कागद बदलू नका. माप बदला." साहेबाचे काका कधी झाले, मलाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेलो. पॅलेट १२०० मिमी लांब, बॉक्स ४२० मिमीचा. तीन ओळीने लावले की १२६०. म्हणजे दोन्ही टोकांचे बॉक्स तीन-तीन सेंटीमीटर हवेत. बॉक्स वजन पेलतो तो मुख्यतः चार कोपऱ्यांवर. कोपऱ्याखाली लाकूडच नसेल तर वरचा भार झेलणार कोण? त्यात पावसाळी हवेत बॉक्सचा तपकिरी क्राफ्ट पेपर दमट होऊन आधीच नरम पडलेला. बॉक्स उघडला तर आतल्या पार्टच्या दोन्ही बाजूंना कागदाचे बोळे कोंबलेले. मी बोळे काढले आणि त्या रिकाम्या जागेत चार बोटं घालून दाखवली. काका माझ्या बोटांकडे बघत राहिले, मग पोऱ्याला म्हणाले, "चहा सांग. दोन."

३९५चं सॅम्पल दिलं. तीन लावले की ११८५, लाकडाच्या आत. बारा दिवस त्यांचा फोन नाही, आणि मीही केला नाही. ही भीड अजून गेलेली नाही. शेठ दोनदा विचारून गेले. आणि आज हा असा.

रजिस्टर उघडलं. फेब्रुवारीच्या पानावर ते अकरा दिसले. खोडावेत का? पान उलटलं. उद्या सकाळी बॉक्स कापायचा साचा करणाऱ्या डायवाल्याला नवं माप द्यायचंय, आणि टेंपोच्या ताडपत्रीला दोन भोकं आहेत, ती माल निघायच्या आत शिवून घ्यायला हवीत.